तीन ट्यूब, एक तोंड: लायकेन प्लॅनसवर कोणतं औषध कधी लावायचं?

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर, मी सोलापुरात पूर्व भागात राहते. वय ५४. घरीच शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गालांच्या आतून पांढरी जाळी आली, तिखट झोंबायला लागलं. तुकडा काढून तपासला तेव्हा रिपोर्टात 'ओरल लायकेन प्लॅनस' आलं. पहिल्या डॉक्टरांनी ट्रायॅमसिनोलोन ०.१ टक्के पेस्ट दिली. आठ दिवस बरं वाटलं, ट्यूब थांबवली, परत आग. दुसऱ्यांनी क्लोबेटासोल ०.०५ टक्के दिलं, पण त्यावर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' छापलंय म्हणून मी लावलंच नाही. मग चामडीच्या डॉक्टरांनी टॅक्रोलिमस ०.१ टक्के दिलं. ते इतकं झोंबलं की दोन दिवसांत सोडलं. आता हिरड्याही लाल झाल्यात, ब्रश लागला की रक्त येतं. शेजारच्या बायका कोरफड आणि हळद लाव म्हणतात. यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? ०.१ हे ०.०५ पेक्षा जास्त, म्हणजे पहिलीच ट्यूब जास्त जोराची ना? हे कॅन्सरमध्ये जाईल का? मला साखरेची गोळी चालू आहे. सकाळी मिश्री लावते, पण थोडीच. नातवाला माझ्या ताटातलं भरवते, त्याला हे होईल का?"

उत्तर:

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तो घोर तरी मिटेल. नातवाला तुमच्यामुळे हा आजार होणार नाही. लायकेन प्लॅनस संसर्गाचा आजार नाही. उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने, पापी घेतल्याने तो लागत नाही. त्याला खुशाल भरवा.

आता ट्यूबांकडे येऊ. औषधांची नावं आणि टक्के नीट लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. त्यावरूनच मला दिसतंय की तुमच्या डॉक्टरांपैकी कुणीही चुकीचं औषध दिलेलं नाही. तिन्ही औषधं या आजारावर वापरली जातात. पण एक लवकर थांबलं, एक उघडलंच गेलं नाही आणि एक दोन दिवसांत सुटलं. त्यामुळे कोणती ट्यूब तुम्हाला लागू पडते याची परीक्षा अजून झालेलीच नाही.

आधी या औषधांकडून काय अपेक्षा ठेवायची ते सांगते. या आजारात आपल्याच शरीरातल्या टी पेशी, म्हणजे एरवी रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तोंडाच्या अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरावर हल्ला करतात. त्यातून कुठे पांढऱ्या रेघांची जाळी उमटते, कुठे अस्तर पातळ होऊन लाल दिसतं, तर कुठे ते सोलवटून व्रण पडतो. मध्यम वयात आणि बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो. इरॅस्मस विल्सन या इंग्लंडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १८६९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणजे वैद्यकाला तो दीडशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. पण तो मुळासकट काढून टाकणारं औषध आजही नाही. अंगावरचा लायकेन प्लॅनस बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत जातो. तोंडातला मात्र वर्षानुवर्षं राहतो, मधूनच उसळतो, मधूनच शांत होतो. ट्रायॅमसिनोलोन थांबवल्यावर आग परत आली, याचा अर्थ औषध वाया गेलं असा नाही. ते काम करत होतं. आजार आत होताच, झाकण निघालं आणि तो वर आला.

म्हणून ट्यूबचं काम मर्यादित आहे: लाल आणि सोलवटलेली जागा शांत करायची, जेवण सुखाचं करायचं. पांढरी जाळी दुखत नसेल तर तिला काहीही लावायची गरज नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आरशात जाळी दिसते म्हणून महिनोन्महिने स्टेरॉइड (दाह शमवणारं औषध, तुमच्या पहिल्या दोन ट्यूब त्याच्याच) लावत बसणाऱ्या बायका आहेत. जाळी गेली का, हे बघत बसू नका. आग कमी झाली का आणि लाल भाग आटला का, एवढंच बघा.

टक्क्यांचा तुमचा प्रश्न फार चांगला आहे. हा घोळ बहुतेक जणांच्या मनात असतो, विचारत मात्र कुणी नाही. टक्के म्हणजे त्या ट्यूबमध्ये औषध किती भरलंय ते. औषधाचा स्वतःचा जोर त्यावरून कळत नाही. एक चमचा ब्याडगीची पूड आणि अर्धा चमचा लवंगी मिरचीची पूड समोर ठेवली, तर जास्त तिखट कोणती हे तुम्हाला सांगायला नको. क्लोबेटासोल हे अंगावर लावायच्या स्टेरॉइडांमधलं सगळ्यात जोराच्या गटातलं औषध आहे. ट्रायॅमसिनोलोन ०.१ टक्के त्याच्या बरंच खाली येतं. म्हणजे ०.०५ असूनही तुमची दुसरी ट्यूबच जास्त जोराची आहे. आणि टॅक्रोलिमस तर स्टेरॉइडच नाही, त्यामुळे त्याचे टक्के या दोघांशी ताडूनच बघता येत नाहीत.

पण जोरापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि या पत्रातून तुम्हाला मुख्यतः तीच सांगायची आहे. तोंडात औषध टिकत नाही. लाळ सतत सुटते, जीभ सतत फिरते, मधे चहा होतो. हातावर लावलेलं मलम तासन्‌तास राहतं, गालाच्या आत लावलेलं काही मिनिटांत गिळलं जातं. त्यामुळे कोणती ट्यूब यापेक्षा ती त्या जागेवर किती वेळ राहिली, यावर गुण जास्त अवलंबून असतो. जोराचं औषध दोन मिनिटांत गिळलं गेलं तर त्याच्या जोराचा काय उपयोग?

ट्रायॅमसिनोलोनची तोंडासाठीची पेस्ट नेमक्या याच अडचणीवर बनवलेली आहे. तिच्या चिकट आधारात जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोज असतं. लाळेचं पाणी ओढून ते फुगतं आणि जागेला धरून बसतं. पण ती लावायची रीत आहे, आणि मेडिकलच्या काउंटरवर ती सहसा कुणी सांगत नाही. जेवण झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. आरशासमोर उजेडात उभं राहून एका बोटाने गाल बाहेर ओढा. स्वच्छ सुती कापडाने किंवा गॉजने ती जागा टिपून कोरडी करा. पुसायची नाही, नुसती टिपायची. मग मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट बोटाच्या टोकावर घेऊन त्या जागेवर हलकेच दाबून ठेवा. चोळायचं अजिबात नाही. ही पेस्ट चोळली की रवाळ होते, तिच्या बारीक गोळ्या होऊन ती सुटून येते, आणि मग बाई म्हणते, "पेस्टच खराब आहे." नुसती दाबून ठेवली की तिचा गुळगुळीत पातळ थर तयार होतो. त्यानंतर अर्धा तास खाणं नाही, पिणं नाही. दिवसातून दोन-तीन वेळा, आणि त्यातली एक वेळ रात्री झोपायच्या अगदी आधीची हवी. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीचा थर सगळ्यात जास्त टिकतो. दिवसातून एकदाच जमत असेल तर रात्रीचीच वेळ धरा.

आणि आठ दिवसांत थांबायचं नाही. साधारण दोन ते चार आठवडे रोज, मग आग शमली की दिवसातून एकदा, मग एक दिवस आड, मग बंद. पुन्हा उसळलं की पुन्हा पहिल्यापासून. हे वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण किती दिवस हे तोंड बघूनच ठरवता येतं. एकदम सोडणं आणि हळूहळू उतरवणं यांत या आजारात मोठा फरक पडतो.

क्लोबेटासोलच्या ट्यूबवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं छापलेलं वाचून तुम्ही थांबलात, हे समंजसपणाचंच झालं. ते छापलेलं असतं कारण ती ट्यूब त्वचेसाठी म्हणून विकायला परवानगी मिळालेली असते. पण तोंडाच्या लायकेन प्लॅनसवर, विशेषतः सोलवटणाऱ्या प्रकारात, जगभरचे मुखरोगतज्ज्ञ क्लोबेटासोल जाणूनबुजून वापरतात. तेव्हा डॉक्टरांना परत जाऊन तीन गोष्टी विचारा: हे तोंडातच लावायला दिलंय ना, किती दिवस लावायचं, आणि जेल हवं की ऑइंटमेंट. तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. क्रीम ओल्या जागेवर टिकत नाही आणि चवीलाही नकोसं असतं. जेल बरं धरतं. काही डॉक्टर ऑइंटमेंट चिकट पेस्टमध्ये निम्मं-निम्मं कालवून लावायला सांगतात, तेही चांगलं चालतं.

इथे एक धोका आहे, तो तुमच्यासह सगळ्या वाचकांसाठी लिहिते. क्लोबेटासोल असलेल्या पुष्कळ ट्यूबांमध्ये बरोबर एखादं अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषधही मिसळलेलं असतं. गजकर्णावर म्हणून लोक त्या स्वतःहून घेतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी घराघरांत त्यांच्या अर्ध्या ट्यूबा सापडतात. अशी मिश्र ट्यूब तोंडात लावू नका. खोक्यावर बारीक अक्षरात एकापेक्षा जास्त औषधांची नावं असतील तर ती तोंडासाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या हिरड्या. पत्रातली ही गोष्ट मला गालापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे नुसती ट्यूब लावून भागत नाही. हिरडीवर औषध लावलं की ओठ आणि गाल ते लगेच पुसून नेतात. यावर चांगला उपाय आहे. दातांचे डॉक्टर तुमच्या दातांचं माप घेऊन मऊ प्लास्टिकचा पारदर्शक ट्रे बनवून देतात. त्यात जेलची पातळ रेघ घालून, डॉक्टर सांगतील तितकी मिनिटं तो दातांवर बसवून ठेवायचा, मग काढून चूळ भरायची. त्यामुळे औषध हिरडीला धरून राहतं. पण असं झाकून लावलेलं जोराचं स्टेरॉइड अंगात जास्त शोषलं जातं. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेले दिवसच करायचं.

हिरड्यांच्या बाबतीत आणखी एक. रक्त येतं म्हणून तुम्ही ब्रश हलका केला असेल किंवा टाळत असाल. तसं करू नका. दातांच्या मुळाशी किटण साचलं की हिरडीवरचा लायकेन प्लॅनस आणखी चिडतो. अतिशय मऊ ब्रश घ्या, दातांची सफाई करून घ्या. किटण निघाल्यावर कितीतरी जणींची आग औषध न बदलताही कमी होते. टूथपेस्ट कमी फेसाची, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली निवडा. लवंग, दालचिनी, कडक पुदिना असलेल्या पेस्ट सध्या बाजूला ठेवा.

ज्यांच्या तोंडात दोन-चार नव्हे, तर सगळीकडे लाल चट्टे असतात, त्यांना बोटाने एकेक जागा लावणं शक्य नसतं. त्यांच्यासाठी स्टेरॉइडच्या गुळण्या असतात. बीटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी दोन चमचे पाण्यात विरघळवायची, तीन-चार मिनिटं तोंडात घोळवायची आणि थुंकायची. हे औषध गिळायचं नाही. तुम्हाला साखर आहे, म्हणून तुमच्या बाबतीत हे दुप्पट लागू. तुम्हाला सध्या गुळण्यांची गरज दिसत नाही, पण पुढे कुणी दिल्या तर साखरेच्या गोळीची आठवण त्यांना करून द्या आणि त्या काळात साखर तपासत राहा.

स्टेरॉइडचा तोंडातला नेहमीचा त्रास म्हणजे बुरशी. पांढरा, दह्यासारखा थर येतो. तो पुसला की निघतो आणि खाली लाल दिसतं. लायकेनची जाळी पुसून निघत नाही, हा दोन्हींतला फरक. मधुमेहात ही बुरशी लवकर धरते. औषध चालू असताना आग अचानक वाढली तर 'औषध बाधलं' म्हणून ट्यूब फेकू नका. बुरशी आहे का ते दाखवा. क्लोट्रिमाझोल माउथ पेंटने ती जाते, आणि स्टेरॉइड पुढे चालू ठेवता येतं.

टॅक्रोलिमसबद्दल आता. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा परिसरातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं. अवयव बदलल्यावर शरीराने तो नाकारू नये म्हणून ते दिलं जातं. जो टी पेशींचा हल्ला लायकेनमध्ये होतो, तोच ते वेगळ्या वाटेने थोपवतं. स्टेरॉइड नसल्यामुळे त्याने त्वचा पातळ होत नाही, हा त्याचा मोठा फायदा. लावल्यावर झोंबणं मात्र ठरलेलंच. सुरुवातीचे काही दिवस ते जास्त असतं, मग बहुतेकांचं ओसरतं. तुम्ही नेमक्या वाईट दिवसांत सोडलंत. सोलवटलेल्या जागेवर ते आणखी झोंबतं, म्हणून आधी स्टेरॉइडने जागा शांत करून मग टॅक्रोलिमसकडे वळणं पुष्कळांना सोसतं. बंद केल्यावर काही आठवड्यांत त्रास परत येणं यातही आहेच.

या औषधावर अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००६ मध्ये खोक्यावर ठळक इशारा छापायला लावला: दीर्घकाळ वापरल्यास कॅन्सरचा धोका असू शकतो, असा. मलमामुळे कॅन्सर होतो असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. पण लायकेन प्लॅनस हाच मुळात लक्ष ठेवायचा आजार असल्यामुळे आम्ही टॅक्रोलिमस पहिल्या फेरीत देत नाही. स्टेरॉइड नीट वापरूनही भागलं नाही तर, थोड्या काळासाठी आणि नियमित तपासणीसह ते द्यावं, असं माझं मत आहे.

संशोधन काय सांगतं? २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेने तोंडाच्या लायकेन प्लॅनसवरच्या स्टेरॉइडांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ३५ अभ्यास आणि सुमारे दीड हजार रुग्ण होते. निष्कर्ष सावध होता. लावायच्या स्टेरॉइडने दुखणं कमी होत असावं. टॅक्रोलिमस दुखण्यावर कदाचित स्टेरॉइडहून सरस असेल, पण त्याच्या दुष्परिणामांबद्दल खात्रीने बोलता येत नाही. एकूण पुरावा कच्चाच. म्हणजे 'सगळ्यात चांगली ट्यूब' असा शिक्का कुठल्याच औषधावर बसलेला नाही. मग क्रम ठरतो तो वर्षानुवर्षांच्या अनुभवावर, सोसवण्यावर आणि खर्चावर. तुमच्यासाठी मी क्रम असा लावेन: गालांवर ट्रायॅमसिनोलोनची पेस्ट, पण या वेळी नीट रीतीने आणि पुरते दिवस. हिरड्यांवर दातांच्या डॉक्टरांकडून ट्रे आणि क्लोबेटासोल जेल. टॅक्रोलिमस सध्या कपाटात, मुदत बघून.

कोरफडीवर काही छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत आग कमी झालेली दिसली आहे. सौम्य त्रासात ती लावायला माझी हरकत नाही. फक्त कुंडीतलं पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो पूर्ण निथळू द्या आणि गर धुऊन घ्या. तो चीक सोलवटलेल्या जागेवर जहाल लागतो. हळदीतल्या कर्क्युमिनवरही थोडं काम झालंय, स्टेरॉइडहून ते सरस ठरलेलं नाही. कोरडी हळद व्रणावर दाबणं मात्र नको. तोंड आल्यावर लावायच्या बधिर करणाऱ्या जेल जेवणाआधी घटकाभर आराम देतात, आजारावर त्यांचा काही उपयोग नाही.

आता मिश्री. पत्रात तुम्ही ती एका ओळीत सांगितलीत, 'पण थोडीच' म्हणून. ताई, माझ्या मते तुमच्या तोंडातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. लाल, सोलवटलेल्या हिरडीवर तुम्ही रोज सकाळी तो बोटाने घासता आणि मग तिथेच औषध लावता. शिवाय तंबाखूनेही तोंडात पांढरे चट्टे येतात. उद्या एखादा चट्टा दिसला तर तो लायकेनचा की तंबाखूचा, हे नुसतं बघून सांगणं आम्हालाही अवघड होतं.

मला माहीत आहे, ही सवय नुसत्या चवीची नसते. 'मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे सोलापुरात किती घरांतून ऐकू येतं. विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये तर तंबाखू हाताशीच असतो. पोटासाठी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, आणि काही दिवस अडचण झालीच तर डॉक्टरांकडून सौम्य औषध घ्या. मिश्रीची डबी मोरीतून काढून टाका, कारण हात सवयीने तिथेच जातो. तलफ येते तेव्हा ती थोडा वेळ टिकते आणि उतरते. तेवढ्या वेळात तोंडात बडीशेप ठेवा, सुपारी नको. एकटीने जमत नसेल तर तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक लावा. सोडायला मदत करण्यासाठीच तो आहे.

कॅन्सरबद्दल तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित तज्ज्ञ या आजाराची गणना कॅन्सरकडे झुकू शकणाऱ्या आजारांत करतात. पण प्रत्यक्षात तसं होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे, तेही अनेक वर्षांच्या अवधीत. लाल आणि सोलवटणारा प्रकार, जिभेवरचे चट्टे, तंबाखू आणि दारू यांनी धोका वाढतो. यातला तंबाखू तुमच्या हातात आहे. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवा, त्रास नसला तरी. आणि औषध लावूनही दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, हाताला कडक लागणारी जागा, एकाच बाजूला आलेला जाड चट्टा, कारण नसताना हलणारा दात किंवा मानेत गाठ, यांतलं काहीही दिसलं तर सहा महिन्यांची वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा. पुन्हा तुकडा काढायचा म्हणाले तर काढू द्या. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती खोटी आहे.

ज्या वाचकांना तिखट झोंबतं पण तुकडा तपासलेला नाही, त्यांनी या उत्तरावरून ट्यूब आणू नये. मावा आणि सुपारी खाणाऱ्यांमध्येही अशीच आग होते, पण तिथे तोंड उघडणं कमी होत जातं. तो आजार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे.

साखरेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लायकेनसारखेच चट्टे येऊ शकतात. तुमची गोळी नेमकी कधी सुरू झाली आणि जाळी कधी दिसली, हे आठवून डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. चट्टा जर फक्त चांदी भरलेल्या दाताला टेकून असेल तर तेही सांगा. ती चांदी बदलल्याने काहींचा चट्टा निघून जातो.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सोलापूरकर बाईला ते सांगावंच लागतं. तिखट आजार निर्माण करत नाही, चिडवतं. कडक भाकरी मात्र नुसती झोंबत नाही, ती सोलवटते, आणि घासलेल्या जागी नवीन लायकेन उठू शकतो. उसळलेल्या दिवसांत कडक भाकरी दुधात किंवा आमटीत पुरती भिजवून खा, नाहीतर ताजी मऊ भाकरी घ्या. शेंगाची चटणी पूर्ण सोडू नका. घरी कुटताना तिखट अगदी कमी, लसूण बेताचा, आणि ती दह्यात कालवून घ्या. चहा कोमट करून प्या. आग शमली की हळूहळू नेहमीच्या जेवणावर या.

भेटीला जाताना तिन्ही ट्यूब, साखरेच्या गोळीचं पाकीट आणि दोन वर्षांपूर्वीचा बायोप्सीचा रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या. सुनेला किंवा मुलाला सांगून आजच मोबाइलवर दोन्ही गालांचे आणि हिरड्यांचे फोटो काढून ठेवा, भर उजेडात. महिन्याभराने त्याच जागांचे फोटो परत काढा. गुण आला की नाही, हे दोन्ही फोटो शेजारी ठेवून डॉक्टरांना लगेच दिसेल, आणि पुढची ट्यूब बदलायची की नाही ते त्यावरून ठरवता येईल.